आदर्श द्रावण असं समजा

फिजिकल केमिस्ट्री राहिली.
बाकी सगळं निघालं, मेकॅनिक्ससुद्धा,
ज्याच्यावर होस्टेलात पैजा लागल्या होत्या.
कणकवलीहून दुपारच्या एसटीनं देवगडला उतरले
तेव्हा आईनं एवढंच विचारलं, कितीन गेला?
सहा मार्कांनी.
ती पाटी उचलत म्हणाली,
सहा बांगडे तर गिऱ्हाईक वरकड मागून न्हेता.

आता अभ्यासाला बर्फाच्या फॅक्टरीत बसते.
बंदरावर तेवढी एकच जागा, जिथे गेलेली लाइट
जनरेटर पाच सेकंदांत परत आणतो.
मिठाच्या गोणी एकावर एक, वर फळी, ते माझं टेबल.
बाबा इथे तेवीस वर्षं ऑपरेटर.
कॉम्प्रेसर चालू असला की आम्ही हातांनी बोलतो,
बंद पडला की काय बोलावं सुचत नाही.

केरकर सरांच्या नोट्स, पान पहिलं:
प्रणाली. परिसर. मध्ये सीमा.
पान अकरा: मुक्त ऊर्जा.
बाबा खांद्यावरून वाकून वाचतात,
मुक्त म्हणजे फुकट?
नाही, म्हणजे, काम करायला मोकळी असलेली.
मगे लायटीचा बिल कोण भरता?
याचं उत्तर पान बारावर नाही.

मग ते गणित, ज्यात माझे सहा गेले होते.
एक किलो पाणी, दोनशे ग्रॅम मीठ,
गोठणबिंदू किती उतरेल? आदर्श द्रावण असं समजा.
आदर्श, म्हणजे जिथे सगळ्यांची सगळ्यांशी
ओढ सारखीच.
असं गाव केरकर सरांनीही पाहिलं नसावं.
पण समजते. भागते. मीठ पाण्यात शिरलं की एकाचं दोन होतं,
म्हणून दोननं गुणते.
उणे बारा पूर्णांक सात.

कागद बाबांसमोर धरते.
ते टाकीकडे बोट दाखवतात, तिथल्या काट्याकडे.
उणे दहा.
त्याच्या खाली जाव नको. कॉयलार बरफ चढता.
कशावरून?
नवीन मशीन इला त्या सालात
हातोडो घेवन रातभर बसललंय.

ती रात्र मी कागदावर शोधते,
उणे दहा आणि उणे बारा यांच्या मधल्या
अर्ध्या सेंटीमीटरच्या जागेत.
तेव्हा मी बहुतेक दुसरीत होते.
सकाळी त्यांच्या बोटांना आई खोबरेल लावत होती
आणि मला वाटलं होतं, ते मासे पकडायला गेले होते.

टाकीतून काढलेली उष्णता जाते कुठे?
भिंतीपलीकडे. पाइपांवरून पाणी ठिबकतं,
त्याला लागून कोरडा कोमट कट्टा आहे,
तिथे डिसेंबरात बंदरावरचं लंगडं कुत्रं झोपतं.
सुरमई भरलेल्या होड्यांचा सगळा गारठा
इकडून ज्या हिशोबानं निघतो
त्याच हिशोबानं, थोडा जास्तच,
त्याच्या पोटाला शेक मिळतो.
परिसर म्हणजे हे कुत्रं, असं मी वहीत लिहिलं
आणि खोडलं नाही.

परीक्षेत आलंच, प्रश्न चार, ब:
परिसराची व्याख्या द्या, उदाहरण लिहा.
मी थर्मासमधला चहा लिहिला.
सर तोच शोधणार, मला सहा हवे होते.
कुत्र्याला मार्क किती, कोण जाणे.
गोठणबिंदूला मात्र उणेचं चिन्ह
पेन दाबून काढलं, मागच्या पानावर उमटेल इतकं.

निकाल लागायचाय.
रात्री डबा घेऊन गेले तर बाबा व्हॉल्व्हपाशी
नाक पुढे करून उभे, उगाचच.
अमोनियानं त्यांचं नाक कधीचं नेलंय,
सुक्या बोंबलाचाही वास त्यांना आठवूनच येतो.
वास येता काय बघ गो, म्हणाले.
मी वाकले. डोळ्यांत पाणी आलं.
येतो. थोडासा.
खंय?
इथे, या दुसऱ्या नटाकडे.
ते पाना शोधायला उठले.
डबा मी गोणीवर ठेवला,
आणि दार उघडलं, वारा आत यायला.